कोरडा वायू

वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या छपरांचे जुने कारखाने आता मोजकेच उरले आहेत. त्यांतल्याच एका गल्लीत डाव्या हाताला पुठ्ठ्याची खोकी करणारा, उजव्या हाताला नट-बोल्टवाला आणि त्या दोघांच्या मधोमध करड्या रंगाची, खिडक्या नसलेली एक इमारत आहे. पाटी इतकी लहान की कुरिअरवाला रोज पुढे निघून जातो आणि रोज मागे येतो. आत उपग्रहांची चाचणी होते हे कोणी त्या नट-बोल्टवाल्याला सांगितले असते, तर सकाळी सकाळी चेष्टा करायला दुसरे गिऱ्हाईक नाही का मिळाले, असे त्याने विचारले असते.

सुधीर चांदेकर तिथे चाचणी विभागाचे प्रमुख होते. कोपरीत राहायचे, डबा घेऊन वेळेवर निघायचे. तंत्रनिकेतनात पदविका घेताना एका मास्तरांनी त्यांना सांगितले होते की यंत्र कधी खोटे बोलत नाही, माणूस वाचताना चुकतो. त्या एका वाक्यावर त्यांनी सारी नोकरी काढली होती.

त्यांच्या ताब्यात एक मोठा पोलादी दंडगोल होता. त्यात उपग्रह ठेवायचा, जाडजूड गोल दार लावायचे, पंपांनी आतली सगळी हवा ओढून घ्यायची, भिंती द्रवरूप नायट्रोजन फिरवून गोठवायच्या, मग तापवायच्या, पुन्हा गोठवायच्या. अवकाशात जे पुढे भोगायचे ते उपग्रहाने इथे जमिनीवर आधी भोगून दाखवायचे. इंग्रजीत त्या दंडगोलाला लांबलचक नाव होते. कामगार त्याला टाकी म्हणत आणि हळूहळू सगळेच टाकी म्हणू लागले होते.

त्या वर्षी टाकीत जाणारा उपग्रह संरक्षण खात्याला माल पुरवणाऱ्या एका बड्या ठेकेदार कंपनीचा होता. सीमेवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांच्या मालिकेतला हा पहिला. कॅमेरा परदेशी भागीदाराचा, सांगाडा दुसऱ्या भागीदाराचा, अग्निबाणातली जागा आधीच ठरलेली. ठाण्याची ही कंपनी त्या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत धाकटी. चाचणी मध्येच थांबली तर उड्डाणाची तारीख हुकणार, मालिकेतले पुढचे उपग्रह दुसऱ्याच्या दारी जाणार आणि या इमारतीला टाळे लागणार, हे चहावाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक होते.

"भागीदारीत धाकट्याची मान सर्वांत आधी उतरवतात, चांदेकर," कंपनीचे मालक विनीत म्हणायचे. ते चाळिशीचे, हसतमुख होते. कोणाचेही काही उतरवायचे झाले तरी ते हसतच उतरवत.

टाकीच्या दाराजवळ पितळी खुंट्यांची एक रांग होती. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खुंटीवर टांगायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. रांग रिकामी दिसल्याशिवाय दार लावायचे नाही. हा नियम चांदेकरांनीच घालून दिला होता. रांग रिकामी, तर टाकी रिकामी. कंत्राटी कामगारांना आपापले बिल्ले नव्हते. त्या सर्वांत मिळून एकच बिल्ला होता, ज्याला आत जायचे त्याने तो गेटवरून मागून आणायचा.

टाकी पुसण्याचे काम बहुधा दौलतकडे असे. दिव्याहून यायचा. तिशीचा, हडकुळा, तोंडाने अखंड चालू. टाकीबाहेरची खोली धूळमुक्त ठेवावी लागे आणि तिथल्या हवेतले कण मोजणारे एक यंत्र भिंतीवर होते. माणूस आत आला की त्याच्या कातडीचे, केसांचे, कपड्यांचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि यंत्रावरचा आकडा चढतो. त्या खोलीची व्यवस्था प्रिसिला परेरा पाहत असे. ती मूळची कोलशेतच्या बाजूची, फटकळ आणि कामात चोख.

"दौलत, तू आलास की माझा आकडा उडतो. आंघोळ करतोस की नुसता नळ बघतोस?"

"म्यॅडम, दिव्यात नळच बघायला मिळतो. पाणी कुठंय त्यात?"

आणि ती हसू दाबत त्याला पुन्हा टोपी, मास्क, झगा सगळे नीट घालायला लावायची.

टाकी बंद करायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. विनीत यांनी गुरुजींना विचारून मुहूर्त काढला होता. चाचणी विभागाबाहेरच्या सज्जात टेबलावर लाल कापड अंथरले गेले, त्यावर नट आवळायचे पाने, मापके, पकडी आणि झेंडूची फुले.

"सर, तुमचे देव माझ्या खोलीच्या बाहेर," प्रिसिलाने बजावले. "फुलं बाहेर, धूप बाहेर, गुरुजी पण बाहेर."

"अगं, तू तर गणपतीलासुद्धा टोपी-मास्क घालून आत घेशील!" विनीत म्हणाले. "बरं, ते बिल्ले आण. तेही हत्यारच आहे आपलं. पितळ आहे, पूजेत उठून दिसेल."

प्रिसिलाने जाऊन बिल्ले आणले. काही खिशाखिशांतून गोळा केले, काही खुंट्यांवरून. ताटात मांडले. गुरुजींनी हळद-कुंकू वाहिले. एकदा पुजलेले हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचे नाही, हा रिवाज. त्या दिवशी त्या ताटाला कोणी बोट लावले नाही.

"चांदेकर, मुहूर्त टळतोय!"

चांदेकर टाकीपाशी गेले. त्यांनी रांग पाहिली. रांग रिकामी होती. त्यांनी आत डोकावून पाहिले. उपग्रह सोनेरी वेष्टनात लखलखत उभा होता, इतका रुंद की त्याच्यामागची भिंत दिसत नव्हती. त्यांनी दार लावले. पंप सुरू झाले आणि त्यांच्या घरघरीत बाहेरचे मंत्र बुडून गेले.

प्रसाद वाटताना दौलतही होता. ओंजळ पुढे करून सर्वांच्या मागे उभा होता. नेहमीसारखा बडबडत नव्हता, एवढेच.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली. आपट्याची पाने देऊन झाल्यावर चांदेकरांनी बिल्ले ज्याचे त्याला दिले. सर्वांत खाली, कुंकवाने माखलेला, कंत्राटी कामगारांचा बिल्ला होता.

"हा कुठून आला?" त्यांनी विचारले.

"पूजेतून," प्रिसिला म्हणाली. मग तिचा चेहरा जरा बदलला. "सर, मी सगळे एकत्रच उचलले. हा खुंटीवर होता की गेटवाल्याने आणून दिला, नाही आठवत."

दोघांनीही खाली पाहिले. जिन्याच्या पायथ्याशी दौलत लादी पुसत होता. माणूस डोळ्यांपुढे धडधाकट उभा असताना त्याच्याविषयी काय शंका घ्यायची? चांदेकरांनी बिल्ला पुसून गेटवर पाठवून दिला.

टाकीतल्या उपग्रहाच्या अंगावर ठिकठिकाणी कंप टिपणारे बारीक संवेदक चिकटवलेले होते. त्यांचा आलेख पडद्यावर अखंड सरकत असे. एके दुपारी त्या सपाट रेषेवर टोके दिसली. दोन, मग थोडे अंतर, मग एक. काही वेळाने पुन्हा तशीच.

धातू थंड होताना आकसतो आणि आकसताना टिकटिकतो, हे कोणताही विद्यार्थी सांगेल. पण त्या वेळी तापमान बदलत नव्हते. भिंती गोठून कित्येक तास स्थिर होत्या. चांदेकरांनी पंपांचे कंप तपासले, नायट्रोजनच्या नळ्या तपासल्या, शेजारच्या नट-बोल्टवाल्याचा प्रेस केव्हा चालतो हेही जाऊन विचारून आले. कशाशीच मेळ बसेना. टोके येत राहिली. दोन, मग एक.

त्याच सुमारास प्रिसिलाने त्यांना हाक मारली.

"सर, हे यंत्र बिघडलंय का बघा."

कण मोजणारे यंत्र होते. ती स्वतः आत गेली, आकडा चढला. चांदेकर गेले, चढला. मग तिने दौलतला बोलावले. टोपी नाही, मास्क नाही, रस्त्यावरच्या कपड्यांतच. दौलत आत येऊन यंत्रासमोर उभा राहिला. आकडा जागचा हलला नाही. जणू त्या खोलीत कोणी आलेच नव्हते.

"हात झटक," प्रिसिला म्हणाली.

त्याने हात झटकले. केसांतून बोटे फिरवली. आकडा तसाच.

"आंघोळ केली, म्यॅडम," दौलत म्हणाला. सूर अगदी सरळ होता. ती हसली नाही.

विनीत यांना हे कळले तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ठेकेदार कंपनीचे अधिकारी पाहणीसाठी आले होते. विनीत यांनी दौलतला त्यांच्यासमोर यंत्रापुढे उभे केले. अधिकारी वाकून आकडा पाहत राहिले. एवढी स्वच्छता तुम्ही माणसांना कशी शिकवता, असे त्यांनी विचारले. विनीत यांनी दौलतच्या पाठीवर थाप मारली आणि मग तो गार पडलेला हात नकळत रुमालाने पुसला.

"याला कायम करून टाकू, चांदेकर. असे आणखी चार मिळाले तर बघा."

शेवंती गेटवर आली ती त्याच आठवड्यात. चांदेकर डबा खाऊन पाय मोकळे करायला बाहेर आले होते. रखवालदार तिला हुसकत होता. ती दौलतची बायको आहे असे तिने सांगितल्यावर चांदेकर थांबले.

"साहेब, माझा माणूस आत राहिलाय."

"अगं ताई," रखवालदार म्हणाला, "दौलत वर लादी पुसतोय. हाक मारू?"

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की खोकीवाल्याचा हमाल वळून पाहू लागला. मग तिने आवाज उतरवला. "त्याला नका बोलावू."

चांदेकरांनी तिला रखवालदाराच्या खुर्चीवर बसायला सांगितले. ती बसली नाही.

"घरी येतो तो दौलत नाही, साहेब. दिसायला तोच आहे. जेवतो, झोपतो, सांगेन ते करतो. पण आमच्या दाराची कडी अडकते, आतून लाथ घालावी लागते. म्हणून दौलत आला की दोनदा वाजवायचा, मग थांबून एकदा. म्हणजे मला कळायचं. आता कडी आतून लावलेली असते, मी भाकरी थापत असते, आणि मागे वळून बघते तर हा उभा. दार वाजवतच नाही."

चांदेकरांनी वर, इमारतीच्या बिनखिडकीच्या भिंतीकडे पाहिले.

"परवा मी धीर केला. म्हटलं, खरं सांग, माझा माणूस कुठंय? तर म्हणाला, टाकीत आहे. आणि ताट पुढे ओढलं." तिने पदराने तोंड पुसले. "तिथे कोणी वाजवतं का, साहेब?"

आलेखावरची टोके त्यांनी त्या सकाळीही पाहिली होती.

"नाही," चांदेकर म्हणाले.

"मग टाकी उघडून दाखवा. एकदा. मी बाहेरून बघीन."

चांदेकरांनी तिला समजावून सांगितले. ते समजावण्यात नावाजलेले होते. आत हवा नाही. हवा नसली म्हणजे माणूस काही श्वासांपुरताही टिकत नाही. त्यावर ती थंडी. तेव्हा आत कोणी नसेल तर उघडण्यात अर्थ नाही, आणि कोणी असेलच, तर...

"तर काय?"

"तरीही अर्थ नाही," ते म्हणाले.

हिशेब बिनचूक होता. शेवंतीने तो ऐकून घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, हे चांदेकरांना नंतर पुष्कळ दिवस बोचत राहिले.

"बरं," ती म्हणाली. "कधीतरी उघडालच की. तेव्हा आधी आत हवा सोडा. त्याला दम लागतो. स्टेशनावरच्या गर्दीत पण लागतो. दार उघडायच्या आधी थोडी हवा."

"हो. सोडू."

ती गेली. चांदेकर वर आले. दौलत जिन्यात होता, पायऱ्यांवर फडके फिरवत.

"दौलत," ते सहज विचारल्यासारखे म्हणाले, "पूजेच्या दिवशी टाकी पुसून तू बाहेर कधी आलास?"

दौलतने फडके पिळले. विचार केला.

"मी आत गेलोच नव्हतो, साहेब."

आणि तो पुढची पायरी पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे उपाहारगृहात गेले असताना चांदेकर टाकीपाशी एकटे थांबले. दिवे लख्ख होते. पंपांची घरघर चालू होती. पडद्यावरची रेषा सपाट होती. त्यांना स्वतःचाच राग आला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मोजल्याशिवाय काही मानले नाही, तो एका भेदरलेल्या बाईच्या बोलण्यावरून इथे उभा होता. हवेतून आवाज जातो तसा धातूतून कंप जातो. तेव्हा एक साधा प्रयोग करायला हरकत नव्हती. त्यांनी बोटाची पेरे दारावर आपटली. दोनदा, मग थांबून एकदा.

पडद्यावर त्यांचे स्वतःचे कंप उमटले. बारीक, पोलादाच्या जाडीतून पोचलेले.

मग रेषा उसळली. एकामागून एक, ओळ नाही, ताल नाही, नुसती टोकांची झुंबड. त्यांनी तळहात दारावर टेकवला. पलीकडचा मार थेट त्या तळहाताखाली येत होता. त्यांनी हात थोडा डावीकडे सरकवला. मारही डावीकडे सरकला.

चांदेकरांनी हात काढून घेतला.

ते विनीत यांच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सगळे सांगितले. विनीत यांनी ऐकून घेतले, मध्ये एकदाही तोडले नाही.

"चांदेकर, तुमचं म्हणणं काय? आत एक दौलत आहे आणि बाहेर एक दौलत आहे?"

"माझं काही म्हणणं नाही. आलेख दाखवतो तेवढं सांगतोय."

"मग दोघांतला कामाचा कोणता ते सांगा." विनीत हसले. "आतला आपण बाहेर काढू, मग? त्याला काय, बडबड येते, कोंडा येतो, सुट्ट्या लागतात. बाहेरचा बघा कसा आहे. आणि तुमच्याच हिशेबानं आतला कोणी असेल तर तो पहिल्या दिवशीच गेला. आता कशासाठी उघडायचं? श्राद्धाला?"

चांदेकर उभेच राहिले. विनीत यांनी पुढचा कागद ओढला. खरे तर तो शेवटचा हिशेब विनीत यांचा नव्हता. शेवंतीला गेटवर चांदेकरांनी जे सांगितले, तेच फक्त हसून परत आले होते.

चाचणी चालू राहिली. उपग्रह तापला, गोठला, पुन्हा तापला. त्याचे प्रत्येक यंत्र चोख चालले. टोके येत राहिली. चांदेकरांनी त्या संवेदकांचा आलेख लहान करून पडद्याच्या कोपऱ्यात सरकवला. नियमाप्रमाणे बंद करता येत नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळपासूनच इमारतीत लगबग होती. ठेकेदार कंपनीचे अधिकारी आले होते. परदेशी भागीदाराचा माणूस कॅमेऱ्याच्या आरशाच्या काळजीने टाकीच्या दाराकडे डोळे लावून बसला होता. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा असा की गेटवरून वर येईपर्यंत सदरा पाठीला चिकटत होता.

टाकी उघडण्याआधी तिच्यात पुन्हा वायू भरावा लागतो, नाहीतर बाहेरच्या हवेचा दाबच दार दाबून धरतो. त्यासाठी दोन नळ होते. एक नायट्रोजनचा. तो कोरडा असतो, आरशावर त्याचा कणभरही डाग पडत नाही. करारात तोच लिहिलेला होता. दुसरा नळ गाळलेल्या, वाळवलेल्या साध्या हवेचा, अडीअडचणीसाठी. ठाण्याची हवा कितीही वाळवली तरी तिच्यात थोडा ओलावा राहतो. आरशावर वाफ धरण्याची शक्यता फार नव्हती. पण होती.

नायट्रोजनात माणूस श्वास घेऊ शकतो. छाती भरते, रिकामी होते. जगता मात्र येत नाही.

कोणता नळ उघडायचा हे ठरवायचा अधिकार चाचणीप्रमुखाचा होता. विनीत यांचाही नव्हता.

प्रिसिला नळांपाशी उभी होती. तिने चांदेकरांकडे पाहिले. तिला सगळे ठाऊक होते. तिचा हात साध्या हवेच्या नळापासून वीतभर अंतरावर होता.

"सर? कोणता?"

अधिकारी वळून पाहू लागले. विनीतही.

चांदेकरांनी पडद्याकडे पाहिले. कोपऱ्यातल्या रेषेवर दोन टोके उमटली. मग थांबून एक.

"नायट्रोजन," ते म्हणाले.

प्रिसिलाने हात सरकवला. नळ फिरवला.

वायू सूं करत आत शिरू लागला. दाब वाढू लागला.

ठोके वाढले.

आता ते पडद्यावरच नव्हते. टाकीत वायू आला तसा आवाजही आला. अधिकाऱ्यांपैकी एकाने विचारले, हे काय? पत्रे पूर्ववत होताना वाजतात, असे विनीत यांनी सांगितले.

ठोके दाराच्या मध्यावर येत होते. मग खाली. मग अगदी तळाशी.

प्रिसिलाने छातीवर क्रूस काढला.

मग पूर्वीसारखेच, नीट, सावकाश. दोन.

चांदेकर तिसऱ्याची वाट पाहत राहिले.

तो आला नाही.

दार उघडले तेव्हा आत उपग्रहाशिवाय काहीही नव्हते. मागची बाजू चांदेकरांनी स्वतः विजेरी घेऊन पाहिली. भिंती लखलखीत होत्या. आरसा निर्मळ होता. परदेशी माणसाने अंगठा वर केला. टाळ्या झाल्या. दौलत पेढ्यांचे ताट घेऊन फिरत होता. चांदेकरांसमोर येऊन थांबला.

"आता शांत वाटतं, नाही का साहेब?" तो म्हणाला.

उपग्रह ठरल्या तारखेला वर गेला. मालिकेतले पुढचे सगळे ठाण्याकडेच आले. प्रिसिलाने नोकरी सोडली. चांदेकर निवृत्तीला आले असतानाही त्यांना मुदतवाढ मिळाली.

मे महिन्यात त्यांना कामासाठी दिव्याला जावे लागले. तापक पट्ट्या तयार करून देणारा एक लहान कारखानदार तिथे होता. त्याच्याकडून निघून ते स्टेशनकडे चालले असताना वाटेत पाण्याचा टँकर उभा दिसला. इमारतींच्या फटीत ऊन उभे कापत होते. बायका हंडे, कॅन, बादल्या घेऊन रांगेत होत्या. त्यांच्यात शेवंती होती.

तिने त्यांना ओळखले. रांगेत जागा धरायला हंडा ठेवून ती पुढे आली. तिच्या गळ्यात काही नव्हते. हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ मोकळे होते.

"बऱ्या आहात ना?" चांदेकरांनी विचारले. दुसरे काही सुचले नाही.

"आहे. तो पाणी भरतो. पीत नाही, भांडत नाही. कायम झालाय ना आता." तिने ओढणीने मान पुसली. "बायका विचारतात, नवरा जिता असून अशी का राहतेस? मी सांगते, मणी टोचतात."

"तुम्ही माहेरी का नाही गेलात?"

"घेतलं नाही. म्हणाले, एवढा गरीब नवरा आहे, नांद." ती जरा हसली. "बरोबरच आहे त्यांचं. आता याच्याशिवाय खोलीचं भाडं कोण देणार?"

टँकरचा पाइप सुटला. रांगेत आरडाओरडा झाला. शेवंतीने तिकडे पाहिले, पण गेली नाही.

"साहेब, एक विचारू? तेवढंच राहिलंय मनात. त्या दिवशी उघडायच्या आधी हवा सोडली होती ना?"

चांदेकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सोडली होती," ते म्हणाले.

तिने मान हलवली. खांदे थोडे खाली आले, जणू डोक्यावरचा हंडा कोणी उतरवून घेतला. "मग बरं. शेवटी दम तरी नाही लागला."

गल्लीच्या तोंडाशी दौलत दिसला. एका हातात पाण्याचे दोन कॅन, दुसऱ्या हाताने मुलीला धरलेले. "आमची सान्वी," शेवंती म्हणाली. मुलगी चार-पाच वर्षांची असेल. बापाचा हात धरून ती उड्या मारत येत होती, घामाने केस कपाळाला चिकटले होते, पातळ झबले पाठीला चिकटले होते. अनवाणी होती.

तिच्या एकाच हातात, त्याने धरलेल्या, कोपरापर्यंत येणारा लोकरीचा जाड हातमोजा होता.